ज्ञानमीमांसेचा निबंध आणि ताईचं स्थळ

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी तत्त्वज्ञान घेतलं, त्यात तत्त्वज्ञानाच्या ओढीचा काही भाग नव्हता. या विषयाचे तास सकाळी असत आणि ते आटोपून मंचरहून दुपारच्या एसटीने पारगावला घरी जेवायला पोचता येई. वर्गात आम्ही मोजकीच टाळकी. एकाने दांडी मारली तरी बाक ओकाबोका दिसे आणि मॅडम दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर कारण विचारत. मी पोटदुखी सांगितली की म्हणत, "तुझं पोट दुखत होतं हे मला कसं कळावं?" त्यांच्या दृष्टीने हा अभ्यासक्रमातला प्रश्न होता. मला मात्र तो फार लागायचा, कारण पोट बहुधा दुखलेलं नसायचं.

दिवाळीच्या सुटीनंतर मॅडमनी निबंध दिला. विषय ज्ञानमीमांसा. म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला कळली असं आपण छातीठोकपणे म्हणतो, ती खरोखर कळलेली असते की नुसती कानावरून गेलेली असते, याची झाडाझडती. त्यांनी फळ्यावर काही शीर्षकं लिहिली आणि त्यांतलं एक निवडायला सांगितलं. नियम तोंडी होते. शीर्षक असं घ्या की त्याच्याशी भांडता आलं पाहिजे. एक बाजू मांडलीत की उलट बाजूलाही तितक्याच मनापासून बोलू द्या. उदाहरण आपल्या घरातलं नाहीतर गावातलं हवं, पुस्तकातलं दिसलं तर मी पुढे वाचणार नाही. "आणि फोनला विचारून लिहिलेला निबंध मला वासावरून कळतो," असंही त्यांनी बजावलं.

"मॅडम, मग वास हा पुरावा धरायचा का?" मी विचारलं.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "त्यावरच लिही," म्हणाल्या.

मी खरंच त्यावर लिहायला घेतलं. आमच्या पारगावला साखर कारखाना आहे. गाळप सुरू झालं की मळीचा आंबूस वास गावावर पसरतो, पण तो फक्त पाहुण्यांना येतो. आम्हाला विचाराल तर वासबिस काही नाही. मग नाक कुणाचं खरं मानायचं, रोज वास घेणाऱ्याचं की एकदाच घेणाऱ्याचं? मला हा विचार इतका आवडला की मी तो एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनाही ऐकवला. त्यांनी पदर नाकाला लावला आणि खिडकीकडे तोंड केलं. मॅडमनी आराखडा वाचून कोपऱ्यात लिहिलं, "नाक छान आहे. भांडण कुठे आहे?" पाहुणे रुमाल लावतात, कारखान्याशी भांडत नाहीत, हे मलाही मान्य करावं लागलं.

मग मी दुसरं शीर्षक उचललं. "साक्षीदार जितके अधिक, तितकं ज्ञान पक्कं. हे कितपत पटतं?" निवडण्याचं कारण सांगते. मला ते सरळसरळ खरं वाटलं होतं. एकाने सांगितलं तर शंका, तिघांनी सांगितलं तर खात्री. यात लिहिण्यासारखं फार नाही, म्हणजे निबंध आखूड होणार. फक्त उदाहरण तेवढं शोधायचं होतं, आणि ते नेमकं त्याच आठवड्यात आमच्या घरात चालत आलं.

ताईला डिंगोऱ्याचं स्थळ आलं होतं. ताई गावातल्या बालवाडीत शिकवायची. मुलगा आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला, घरी आई, दोघांचंच घर. मध्यस्थाने बायोडाटा पाठवला, एका लग्नात दोन्हीकडच्यांनी एकमेकांना पाहून घेतलं, आणि हल्लीच्या रीतीप्रमाणे "पोरं बोलून घेऊ द्या" म्हणून दोघांना एकमेकांचे नंबर देण्यात आले. त्यानंतर आमच्या घरात भाकरी करपायला लागल्या. ताईच्या भाकरीला आमच्या भावकीत नाव होतं, एकसारखी फुगलेली, पापुद्रा सुटलेला. आता पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा असायचा आणि स्वयंपाकघरातून धूर यायचा. धूर दिसला की अग्नी आहे असं ओळखायचं, हे अनुमानाचं उदाहरण आमच्या पुस्तकात दिलेलंच होतं. वडिलांनी काळी भाकरी उलटीपालटी करून पाहिली आणि मुकाट्याने दुधात कुस्करली. आईने तव्याला दोष दिला. काय ते सगळ्यांना कळलं होतं, पण बोललं कुणीच नाही.

राहिली होती चौकशी.

चौकशी म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे मुलाची चौकशी मुलाच्या घरी करत नाहीत. त्याच्या गावात जायचं, आपण कोण ते सांगायचं नाही आणि मुलाचं नाव तर अजिबात काढायचं नाही, कारण नाव काढलं की गाव सावध होतं आणि गोड बोलायला लागतं. आपण भलत्याच कामाला आलोय असं दाखवायचं, चहा प्यायचा, आडून आडून विषय तिकडे न्यायचा, आणि माणसं आपणहून जे बोलतील ते घेऊन परतायचं. माझे काका या कामातले पट्टीचे. भावकीतली कितीतरी स्थळं त्यांनी अशी परस्पर मोडून ठेवली होती आणि त्याबद्दल लोक त्यांना मानायचे. त्यांनी जमवलेलं एकही मला आठवत नाही.

मी सोबत जायचा हट्ट धरला. काकांना ते पटलं. "पोरगी संगं आसली की कुणाला सौंशय येत न्हाई," म्हणाले. माझं काम निबंधाचं होतं. तीन स्वतंत्र साक्षीदार, एक निष्कर्ष, आणि मी जागेवर हजर. शेजारच्या वर्गमैत्रिणीचं उदाहरण तिच्या आजोबांच्या चष्म्यावर अडलेलं असताना मला हे आयतं मिळत होतं.

काकांच्या पिकअपमध्ये पुढे आम्ही तिघं, काका, वडील आणि मी. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर करत डिंगोऱ्याला पोचलो. बहाणा ठरला होता, यंदा उसात न पडता थोडा कांदा करायचा, त्याचं रोप बघायला आलोय. स्टँडजवळच्या टपरीवर चहा सांगितला. काकांनी आधी रोप, मग पाऊसपाणी, मग शिकलेली पोरं शेतात उतरत नाहीत, अशी वाट काढली आणि म्हणाले, "तुमच्या वरच्या आळीतबी एक हाय म्हनं. आळेफाट्याला नोकरीला जातंय. येकुलतं येक."

टपरीवाल्याने पातेलं खाली ठेवलं. आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पावणं, रोपाला आलाय का सोयरिकीला?"

"रोपाला!" काका आणि वडील एका सुरात म्हणाले.

"मग बरं हाय. सोयरिकीला आला आसता तर सांगावं लागलं आसतं."

आता एवढं ऐकल्यावर कोण सोडतंय. काकांनी आणखी एक चहा सांगितला, तेव्हा त्याने सांगितलं. पोरगं चांगलं आहे, पण त्याची नोकरी केव्हाच गेली. घरी पत्ता नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतं, ओतूरच्या स्टँडवर बसून राहतं आणि संध्याकाळी घरी येतं.

वडिलांचा चेहरा उतरला. काकांचा फुलला. त्यांना आता दुसरा साक्षीदार हवा होता, म्हणून सकाळीच दाढी केलेली असताना ते सलूनमध्ये जाऊन पुन्हा दाढीला बसले. बाहेर आले ते गालावर हात चोळत. "त्योबी त्येच म्हनतोय. वर बाप बिचारा रोज गाडीवं बसवून स्टँडपातूर सोडतोय म्हनं. बापाला वाटतंय पोरगं कामावं चाललंय." तिसरा साक्षीदार दूध डेअरीवर भेटला. त्याने तर डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरगं स्टँडच्या बाकड्यावर डबा उघडून जेवत होतं आणि याला पाहून तोंड फिरवून बसलं होतं.

तीन जागा, तीन माणसं, एकच हकिकत. मी मनातल्या मनात निबंधाचा पहिला परिच्छेद लिहून काढला. निघायच्या वेळी टपरीवाला धावत आला. त्याने आमच्यासाठी फोन करून आपल्या मेव्हण्याला बोलावलं होतं आणि मेव्हणा कांद्याच्या रोपाच्या जुड्या घेऊन उभा होता. आम्ही रोपालाच आलो होतो ना? काकांना नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. पिकअपचा हौदा अर्धा भरला.

घरी आल्यावर आईने आधी रोप पाहिलं, मग आमची तोंडं. "ह्ये काय? आन् ते काय झालं?" रोपाचं उत्तर काकांकडे नव्हतं, म्हणून त्यांनी स्थळाचं दिलं, तेही ताई ऐकत असताना, ओसरीवर, मोठ्या आवाजात. नोकरी नाही, खोटं बोलतो, आईबापाला फसवतो तो बायकोला काय सोडणार आहे! त्यांनी तिथल्या तिथे मध्यस्थाला फोन लावला आणि सांगितलं, पत्रिका जुळत नाही. आमच्याकडे नकार असाच देतात. मुलगा काळा असो, गोरा असो, दारू पिणारा असो, दोष नेहमी ग्रहांचा. मग ताईला म्हणाले, "त्यो नंबर काढून टाक."

ताईने त्यांच्यासमोर नंबर काढून टाकला. तो तिला पाठ होता, हे काकांच्या डोक्यात आलं नाही. मग ती गोठ्याकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले. त्या दिवशीची भाकरी जराही करपली नाही, छान फुगली होती, आणि ती कुणाच्या घशाखाली उतरेना. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, निबंधामुळे थोडं बरंही वाटत होतं. ताईचं मोडलं आणि माझं जमलं, असा तो सगळा प्रकार होता.

मॅडमना मी आराखडा सांगितला तो जरा ऐटीतच. बाजू अशी, साक्षीदार तीन, एकमेकांना विचारलेलं नाही, तिघांचंही सांगणं जुळलं, म्हणून ज्ञान पक्कं. मॅडम ऐकत राहिल्या. "उलट बाजू कुठाय?" म्हणाल्या.

"उलट बाजूच नाही, मॅडम. तिघंही खरं बोलले."

"तिघं खरं बोलले तरी तुला खरं कळलं असेलच, असं कशावरून?"

मला तो त्यांचा नेहमीचा शब्दांचा खेळ वाटला. खरं सांगणारे तीन आहेत, ऐकणारे तीन आहेत, मधे हरवायला जागा कुठे आहे? मी सोडून दिलं आणि एसटी पकडली.

घरी त्या रोपाचा प्रश्न उभा होता. वाळून चाललं होतं, आणि आई काही वाया जाऊ देणाऱ्यांतली नाही. विहिरीजवळच्या पट्टीत वाफे केले आणि आई, ताई, मी लागणीला बसलो. चिखलात हात घालून एक एक काडी टोचायची. ताई गप्प. मला गप्प बसवत नाही, म्हणून मी निबंधातलं उदाहरण पाठ म्हणायला लागले. ताईसमोर ते म्हणायला नको होतं हे आता कळतं, पण परिच्छेद माझ्या डोक्यात घोळत होता. त्यात मी थोडी करुणाही घातली होती, "बिचारे वडील रोज त्याला गाडीवर बसवून स्टँडपर्यंत सोडतात आणि तो कामावर गेला या समाधानात घरी परततात."

ताई थांबली. "कुनाचे वडील?"

"त्याचे. डिंगोऱ्याच्या."

"त्येला वडील कुटं हायेत? ते लहानपणीच वारले. बायोडाटावं लिवलंय की."

लिहिलं होतंच. सगळ्यांनी वाचलं होतं, मीही वाचलं होतं. पण रागाला चढलेल्या माणसाला असलं काही आठवत नाही, आणि निबंध लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही. आई चिखलाचा हात तसाच हवेत धरून बसली. मग तिने काकांना हाक मारली, ती पार कारखान्यापर्यंत ऐकू गेली असेल.

काका मानायला तयार होईनात. "तीन मान्सांनी सांगितलं!" हेच पालुपद.

"खरंच सांगितलं, काका," मी म्हणाले. "पण दुसऱ्या पोराचं. तुम्ही नावच घेतलं नाही. वरच्या आळीतला, आळेफाट्याला जाणारा, एकुलता एक, असे गावात दोन असतील तर त्यांनी कुणाचं सांगायचं?"

"नाव घ्यायचं नसतंय!" काका ओरडले. त्यांच्या दृष्टीने यात रीतीची काही चूक नव्हती, चूक त्या गावाची होती, एकसारखी पोरं ठेवणाऱ्या. वडील मात्र खाली बसले. मॅडमनी विचारलेलं मला तेव्हा समजलं. तिघंही खरं बोलले होते, आम्ही नीट ऐकलं होतं, आणि आम्हाला काडीचंही कळलेलं नव्हतं. उलट बाजू अशी आयती हाताला लागल्याचा मला इतका आनंद झाला की मी हसले. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मी हसणं गिळलं.

"मी फोन लावू?" मी तिला विचारलं.

"नको. मी लावला तर उद्या म्हनतील पोरीनं मागं लागून जमवलं. ज्यांनी मोडलंय त्यांनी जावं."

आता अडचण अशी, की नोकरीच्या कारणावरून नकार दिला असता तर परत घेता आला असता. आपण तर पत्रिका जुळत नाही म्हणालो होतो. ग्रह काही आठवड्यात जागा बदलत नाहीत. यावर काकांनीच तोड काढली, आणि ती काढताना त्यांची रया परत आली. ताईची जन्मवेळ चुकीची दिली गेली, असं सांगायचं. वेळ बदलली की पत्रिका बदलली. फक्त नवी वेळ सगळ्यांनी एकच सांगायची, सकाळची.

"सांजच्याला झाली ती," आई म्हणाली. "गुरं घरी येत व्हती."

"वयनी, सकाळी म्हनायचं."

"मी तितं व्हते, भावजी."

"तुमच्याशिवाय कुनाला ठावं हाय?" काका म्हणाले. साक्षीदार एकच असला की काम किती सोपं होतं, हे मी निबंधासाठी लक्षात ठेवलं. आई फणफणत आत गेली, आणि आमच्या घरी ताईचा जन्म आजही संध्याकाळचाच आहे.

दुसऱ्या खेपेला ताई आपली चप्पल घालून पिकअपशेजारी उभी राहिली. मी पण येणार, म्हणाली. ठरायच्या आधी मुलगी मुलाच्या दारात जात नाही, हे काकांनी सांगितलं, वडिलांनी सांगितलं. "दारात न्हाई येत. गाडीत बसून ऱ्हाते. तुमचा भरवसा न्हाई मला, परत दुसऱ्याच घरी जाऊन याल." ती पुढे बसली आणि मी मागे हौद्यात, कांद्याच्या मातीत.

त्या दिवशी आम्ही टपरीवर थांबलो नाही. ताईने व्हिडिओ कॉलवर घर पाहिलेलं होतं, देवळामागे, पुढे पिठाची गिरणी. गाडी देवळाच्या अलीकडे उभी केली, ताईला आत बसवलं आणि आम्ही तिघं गेलो. गिरणी चालू होती. मुलाची आई पिठाने पांढरी झालेली, कपाळावरचं गोंदणही दिसत नव्हतं. तिने पट्टा थांबवला आणि आम्हाला पाहून म्हणाली, "या. रोप लागलं का?"

काकांना ठसका लागला. मागच्या खेपेला आमची गाडी तिच्या गिरणीवरूनच गेली होती. वरच्या आळीतलं निम्मं दळण तिथे येत होतं. आम्ही सगळ्या गावात ज्या घराबद्दल विचारत हिंडलो, त्या घराने आम्हाला बसल्या जागेवरून जाता-येता पाहिलं होतं.

चहा झाला. काकांनी जन्मवेळेची गोष्ट सांगितली, चांगली रंगवून. दवाखान्याचं घड्याळ बंद पडलेलं, नर्सने अंदाजे लिहिलेली वेळ, आता कळालेली खरी वेळ सकाळची. मुलाच्या आईने एकदाही मधे तोडलं नाही. सगळं झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "पर आमी पत्रिका दिलीच न्हवती. त्याची काढलेलीच न्हाई."

काकांनी रिकामा कप परत तोंडाला लावला.

"तवाच मला कळलं, कायतरी कानावं आलंय तुमच्या," ती म्हणाली. "त्या दिसापास्नं मी पोराकडं निराळ्या नजरंनं बघतीय. ह्येनं काय केलं आसंल, कुटं जातंय, कुनासंगं बसतंय. त्यो झोपल्याव त्याचा फोन बघितला मी. आसं कदी केलं न्हवतं. काय ऐकलं तेवडं सांगा आन् जावा."

ते ऐकून माझी मान खाली गेली. आमच्या घरात फक्त भाकरी करपल्या होत्या. या बाईच्या घरात तिचा एकुलता एक मुलगा तिला परका झाला होता, आणि तिला कारणही माहीत नव्हतं. मला पहिल्यांदाच त्या निबंधाचा राग आला.

वडिलांनी सांगितलं. त्यांनी काही रंगवलं नाही, टपरी, सलून, डेअरी, डबा, स्टँडचं बाकडं, सगळं जसंच्या तसं. आणि शेवटी म्हणाले, "आमी चुकलो." ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला आणि लगेच दुसराच चढला. "ते आमच्या शेजारचं पोरगं," ती हळू आवाजात म्हणाली. "गावाला ठावं हाय, फक्त त्याच्या घरी ठावं न्हाई. त्याची आई रोज हितं दळायला येती, माझ्याम्होरं त्याचं कवतिक करती. तेवडं पोटात ठिवा." आम्ही ठेवलं. माझा इतका जुळून आलेला निबंध तिथेच संपला, कारण ते उदाहरण मॅडमच्या हातात द्यायचं म्हणजे वर्गाच्या हातात द्यायचं. त्या पोराला पुढे दुसरीकडे काम मिळालं आणि त्याने आपणच घरी सांगून टाकलं, म्हणून आज लिहिते आहे.

मग ती आमच्याकडे वळली. "येक सांगू का? आमीबी केली व्हती की चौकशी, तुमच्या पारगावात. मान्सं सांगत्यात, पोरगी तयार न्हाई, घरचे ढकलत्यात. तुमचा नकार आला तवा येकदा वाटायचं माज्या पोराचंच कायतरी हाय, येकदा वाटायचं, बरं झालं, त्या पोरीची सुटका झाली."

"कोन म्हनलं आसं?" काका उसळले.

"मी न्हाई नाव सांगत. नाव घ्यायचं नसतंय," ती म्हणाली. आणि लगेच विचारलं, "पोरगी कुटं हाय?"

"गाडीत," मी म्हणाले.

"उनात?"

ती उठली आणि पिठाच्या हातांनीच चालायला लागली. काका मागून "आवो, आसं नसतंय, रीत न्हाई" म्हणत होते. देवळाजवळच्या दळणाच्या बायका डबे घेऊन बघत उभ्या राहिल्या. ताईने आम्हाला येताना पाहिलं आणि काच खाली केली. तिच्या मांडीवर फोन होता, बंद. रडायचं की कसं, हे तिचं अजून ठरलेलं दिसत नव्हतं.

मुलाची आई खिडकीशी थांबली. "पोरी, तुला येक इचारते. खरं सांगायचं. हितं बाप हाय, चुलता हाय, कुनाकडं बघू नको. तुझ्या मनात हाय का?"

ताईने कुणाकडे पाहिलं नाही. "हाय," म्हणाली. "पयल्यापास्नं हाय."

काकांनी कपाळाला हात लावला. "आगं, मग येवडं रामायन व्हायच्या आदी बोलायचं न्हाईस व्हय?"

"तुमी सगळ्या डिंगोऱ्याला इचारलंत, काका," ताई म्हणाली. "मला कुनी इचारलं?"

वडिलांनी पुढे होऊन गाडीचं दार उघडलं.